आरशातला पाय

भुकूमला पौड रस्ता सोडून आत वळलं की नव्या उंच इमारतींच्या रांगेत एक दुमजली घर मध्येच खुजं दिसतं. ते हैबतरावांचं. मागच्या अंगाची जमीन इमारतवाल्यांकडे गेली, पुढची चार खाचरं राहिली, आणि आलेल्या पैशातून त्यांनी घरावर तीन खोल्या चढवल्या. दोन खोल्यांमध्ये पिरंगुटच्या कारखान्यांतली पोरं येऊन-जाऊन असतात. कोण कधी आलं आणि कोण कधी गेलं, याचा पत्ता शेजारच्या खोलीलाही लागत नाही. तिसरी खोली जिन्याच्या तोंडाशी. तिच्यातला भाडेकरू मात्र कित्येक वर्षांत बदललेला नाही. तिथे दयानंद राहतो.

दयानंद उदगीरकडचा, पन्नाशी ओलांडलेला. लग्न राहून गेलं ते गेलंच. वडील लवकर वारले, तीन बहिणींची लग्नं त्याने केली, आणि धाकटीची पाठवणी करून तो मोकळा झाला तेव्हा त्याच्यासाठी स्थळ पाहायचं कुणाच्या ध्यानात उरलं नव्हतं. त्याच्याही नव्हतं. बहिणी दिवाळीला आग्रहाने बोलावतात. गेलं की पहिला दिवस कौतुकात जातो, दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागतात आणि हा गॅलरीत पेपर वाचत बसतो. तोच पेपर भुकूमला बसूनही वाचता येतो, असं मनाशी ठरवून त्याने हळूहळू जाणं सोडलं.

त्याच्या कामाविषयी गावात बरेच समज होते. कुणी त्याला हाडांचा डॉक्टर समजे, कुणी एक्स-रेवाला. खरं काम असं की, एखादी वस्तू कुठे तुटेल ते ती न तोडता सांगायचं. आधी तो हे गाड्यांच्या सांगाड्यांसाठी करायचा. मग पिरंगुटजवळ गुडघ्याचे आणि खुब्याचे कृत्रिम सांधे आखणारी एक कंपनी निघाली, तिथे तो हाडांकडे वळला. संगणकात हाडाचे लाखो बारीक तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा शेजारच्याला किती दाबतो, किती ओढतो याचं समीकरण मांडायचं. सगळी समीकरणं एकदम सुटली की हाड पडद्यावर रंगीत होऊन दिसतं, आणि जिथे लाल रंग येतो तिथे ताण जास्त.

हे त्याने एकदा धोंडाबाईंना, म्हणजे हैबतरावांच्या बायकोला, समजावून सांगितलं होतं. त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी भावकीच की. एकाला ढकललं का पार शेवटच्या घरापतूर हालतंय."

दयानंद हसला होता. नंतर कंपनीत नव्याने आलेल्या मुलांना शिकवताना तो भावकीचाच दाखला द्यायचा.

मग त्याने धोंडाबाईंना आणखी एक गोष्ट सांगितली होती. वस्तू कुठेतरी घट्ट धरलेली असावी लागते. जमिनीला, भिंतीला, कशालाही. तसं धरायला विसरलं, तर मुंगीने धक्का दिला तरी गणितात ती वस्तू अधांतरी निघून जाते, आणि मग उत्तर येतच नाही. यावर शेंगांचा वाडगा त्याच्यापुढे सरकवून धोंडाबाई उठल्या होत्या.

धोंडाबाईंचा डावा पाय आखूड होता. लग्नानंतर थोड्याच वर्षांत लावणीच्या दिवसांत बांधावरून पाय घसरून मांडीचं हाड मोडलं, गावातल्या जाणत्याने ते बसवलं, आणि जुळलं ते तोकडं जुळलं. त्या जिना चढू लागल्या की एक पाऊल लांब पडे आणि एक तुटक. दयानंदला आत बसून कळायचं, मावशी आल्या. भाकरी, कधी कालवण, कधी नुसता निरोप. तो दार उघडेपर्यंत त्या वरच्या पायरीवर टेकलेल्या असत. त्याच्या जिन्यावर त्याच्याकडे म्हणून येणारी तेवढीच पावलं होती. पोरं यायची ती धाडधाड त्याच्या दारावरून पुढे जायची.

कंपनीने एक अभ्यास हाती घेतला, मुळशीतल्या भातशेती करणाऱ्या बायकांच्या गुडघ्यांवर किती भार येतो याचा. अभ्यासाच्या प्रमुख किमया मॅडम, वयाने दयानंदपेक्षा बऱ्याच लहान. त्यांना साठीच्या पुढच्या बायका हव्या होत्या. बायका तयार होईनात. कॅमेऱ्यांपुढे चालायचं, आणि उद्या ते कुणाच्या मोबाइलवर निघालं तर काय, ही धास्ती. तेव्हा धोंडाबाईच पुढे झाल्या. त्यांनी दयानंदला दोनच गोष्टी विचारल्या.

"तोंड दिसतंय का त्यात?"

तो म्हणाला, नाही. सांध्यांच्या जागी चमकणाऱ्या गोळ्या चिकटवायच्या, कॅमेरे फक्त त्या गोळ्या टिपतात. काळ्या पडद्यावर ठिपके चालताना दिसतात, माणूस दिसत नाही.

"आन् मागनं पुसून टाकता?"

"मी स्वतः पुसतो, मावशी. कुणाला दाखवत नाही."

त्या आल्या, शेजारणींनाही घेऊन आल्या. नऊवारीचा काष्टा भातलावणीला खोचतात तसा वर खोचला, गुडघ्याला, घोट्याला, खुब्याला गोळ्या लावून घेतल्या, आणि जमिनीत बसवलेल्या भार मोजणाऱ्या पट्ट्यांवरून इकडून तिकडे चालल्या. त्या पट्ट्यांना त्या काटा म्हणाल्या. "बाजारात पोती जोखत्यात, हितं बाया," असं काहीतरी म्हणून त्यांनी सगळ्यांना हसवलं होतं. दयानंद त्या वेळी पडद्याकडे पाहत होता. एखादी गोळी कॅमेऱ्यांच्या नजरेतून सुटत तर नाही ना, हे पाहायचं काम त्याच्याकडे होतं. धोंडाबाई त्याच्या पुढ्यातून चालत गेल्या आणि परत आल्या, आणि त्याने मान वर केली नाही.

पुढे गणिताची वेळ आली. असल्या गणितात एक जुनी रीत आहे. शरीराच्या दोन बाजू सारख्याच धरायच्या, अर्ध्याच अंगाचं गणित करायचं आणि उरलेलं अर्धं आरशात पाहिल्यासारखं उलटवून घ्यायचं. वेळ निम्मा लागतो. धोंडाबाईंच्या बाबतीत डावी-उजवी बाजू सारखी नव्हती, तेव्हा नियमाप्रमाणे त्यांना वगळायला हवं होतं. पण वगळलं तर ते त्यांच्या कानावर जाणार, आणि ज्या बाईने बाकीच्यांना गोळा करून आणलं तिलाच "तुमचं चालणं घेतलं नाही" असं सांगावं लागणार. दयानंदच्याने ते होईना. त्याने त्यांचा चांगला, उजवा पाय घेतला आणि आरशात उलटवला. गुडघ्यावरच्या भाराचे आकडे इतरजणींशी छान जुळले. कुणी काही विचारलं नाही.

अभ्यास संपला. कबूल केल्याप्रमाणे त्याने सगळ्या बायकांच्या मूळ नोंदी पुसल्या. घरी येऊन धोंडाबाईंना तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, बरं झालं.

त्यानंतरच्या मार्गशीर्षात धोंडाबाई गेल्या. सकाळी चुलीपुढे बसल्या होत्या, छातीत कळ आली, पौडच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मर्तिकाला गाव लोटलं. दयानंद मागे उभा होता. भाडेकरूने कुठे उभं राहावं हे त्याला नेमकं ठाऊक नव्हतं.

जिना मग गप्प झाला. तो स्वतःची भाकरी स्वतः थापू लागला. ती वातड व्हायची. खाली अंगणात हैबतराव खाटेवर बसलेले असायचे. येता-जाता दोघांची नजरानजर व्हायची, "आला का?" "आलो, आबा," एवढं बोलणं व्हायचं. दोन्ही माणसं तशी अबोल. आजवर त्यांच्यातलं सगळं बोलणं धोंडाबाईंनीच ने-आण केलेलं होतं.

वर्ष भरत आलं तेव्हा एका रविवारी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. हैबतराव वर आले. भाडं घ्यायलासुद्धा ते कधी वर आले नव्हते. दयानंदने खुर्ची पुढे केली, पण ते वरच्या पायरीवरच बसले, त्यांची बायको बसायची तिथे.

आधी त्यांनी महाळुंग्याचा विषय काढला. त्यांची लेक वैष्णवी तिथे राहते. तिने सांगितलं होतं की वर्षश्राद्ध झालं की आबांनी तिकडेच यायचं, एकट्याने राहायचं नाही. बाराव्या मजल्यावर घर, लिफ्ट आहे, बाल्कनी आहे. हे सगळं त्यांनी दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगितलं. मग बंडीच्या खिशातून मोबाइल काढून दयानंदच्या हातात दिला.

"ह्यातले फोटू बघा."

दयानंदने पाहिले. नातवाचं बारसं, कुणाचं लग्न, गावची जत्रा. प्रत्येक फोटोत धोंडाबाई बसलेल्या. लग्नाच्या चित्रफितीतही खुर्चीवर बसलेल्या, मांडीवर पर्स.

"कुनी मोबाइल काडला का ती खाली बसायची. पाय दिसू नये म्हनून. आमाला वाटायचं, दमली आसंल." हैबतराव समोरच्या इमारतीकडे पाहत म्हणाले. "आता काय झालंय, मला ती चालताना आठवंना. बसलेली आठवती. निजलेली आठवती. चालायला लागली का कशी दिसायची ते काय जुळंना. वर्षात इसारलो मी. तिकडं त्या बाराव्या मजल्यावर गेल्याव तर काय ऱ्हानार?"

दयानंदने मोबाइल परत दिला.

"तुमच्या हापिसात ती चालली व्हती, म्हनली मला. ते हाय का?"

दयानंद म्हणाला की मावशींनी पुसायला सांगितलं होतं. आणि कुणाला दाखवायचं नाही, असं कबूल करून घेतलं होतं.

"चारचौघास्नी दाखवू नका म्हनली आसंल," हैबतराव म्हणाले. "मी काय चारचौघातला हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी दयानंदने किमया मॅडमना विचारलं. मूळ नोंदी तर राहिल्या नाहीत, त्या म्हणाल्या, गणितातली आकृती उरली आहे. घरच्या माणसाने मागितली आणि घरच्याच माणसाला दाखवली, तर त्यात वावगं काय? वैष्णवीशीही एकदा बोलून घ्या, एवढं त्यांनी बजावलं. वैष्णवीही फोनवर "दाखवा" म्हणाली.

दयानंदने ती आकृती उघडली. ठिपके, ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा, आणि त्यांचं एक माणूस. ते सरळ चालत आलं. ताठ, डौलदार, दोन्ही पावलं अगदी सारखी. त्याने ते अनेकदा पाहिलेलं होतं, पण तेव्हा त्यात त्याला फक्त गुडघा दिसायचा. आज त्याने पहिल्यांदा बाई शोधली आणि ती त्याला सापडली नाही.

तरीही पुढच्या रविवारी तो लॅपटॉप घेऊन खाली गेला. आबांची नजर अधू आहे, ठिपक्यांतून काय कळणार, असं त्याने मनाला पटवलं होतं. थोडं समाधान झालं तर झालं. हैबतरावांनी खाट झटकली, चष्मा धोतराला पुसला आणि ते पडद्याजवळ सरकले. आकृती चालू लागली. संपली, पुन्हा पहिल्यापासून चालू लागली. हैबतरावांनी ती चारपाच वेळा पाहिली. मग अगदी अदबीने, पाहुण्यांची चौकशी करावी तसं विचारलं,

"ही कोन म्हनायची?"

दयानंदला खोटं बोलता आलं असतं. पण आता त्याने काय सांगितलं तरी आबांच्या लेखी ही बाई परकीच राहणार होती. त्याने आरशाची रीत सांगितली. उजवा पाय घेतला, डावा म्हणून तोच उलटवला, खरा डावा पुसला गेला. सांगताना त्याची मान खाली होती. हैबतराव आ वासून ऐकत होते.

"म्हंजी दोन्ही पाय उजवं?"

"हो."

"मंग चपला कशा घेतल्या आसत्या तिनं?" म्हणाले आणि खूप दिवसांनी हसले. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसत बसले. दयानंद लॅपटॉप मिटून वर निघाला, तेव्हा पाठीमागून त्यांचा आवाज आला. "पुसलं ते पुसलं. तुमी सबूद पाळला तिचा. ऱ्हाऊ द्या."

राहू देणं दयानंदला जमलं नाही. त्या आठवड्यात त्याला एक गोष्ट सुचली. गोळ्यांच्या नोंदी गेल्या, पण जमिनीतल्या पट्ट्यांचे आकडे राहिले होते. त्यांत माणूस ओळखू येण्यासारखं काही नसल्यामुळे ते पुसायचं कारणच नव्हतं. आणि पट्ट्यांना आरसा ठाऊक नव्हता. धोंडाबाईंचं डावं पाऊल काट्यावर कसं पडलं, किती वेळ टेकलं, किती भार देऊन उचललं, ते सगळं जसंच्या तसं होतं. लांब पाऊल, तुटक पाऊल. दयानंदने त्या आकड्यांचा आलेख काढला आणि त्याच्या कानात जिना वाजला.

मग कंपनीचं काम सुटल्यावर तो बसू लागला. नेहमी तो हालचालीवरून भार काढायचा. आता भारावरून हालचाल काढायची होती. नदी उगमाकडे चढवण्यासारखंच ते. पहिल्यांदा आकृती दोन पावलांत कलंडली. दुसऱ्यांदा डावा पाय शरीर सोडून कुठेतरी वरच निघून गेला. खुबा कुठे धरायचा तेच कळत नव्हतं. होता होता आकृती उभी राहून चालू लागली, तर नवीनच अडचण आली. एकाच्या जागी दोन उत्तरं आली. एका उत्तरात बाई डावी कंबर उचलून पाय सरळ पुढे टाकत होती. दुसऱ्यात पाय बाहेरून वळवून आणत होती. दोन्ही चालींत काट्यावर पडणारा भार तोच. खरी चाल कोणती, हे आकड्यांवरून ठरणार नव्हतं. ते ज्याने पाहिलं असेल त्यालाच सांगता येणार होतं.

दयानंदने डोळे मिटून आठवून पाहिलं. आवाज आठवला. दार उघडल्यावरची, पायरीवर बसलेली, शेंगांचा वाडगा पुढे करणारी बाई आठवली. चालणारी बाई त्याच्यापाशी नव्हती. इतकी वर्षं ती त्याच्या दारापर्यंत चालत आली होती आणि त्याने ती चालताना एकदाही धड पाहिली नव्हती. ज्या एका दिवशी ती त्याच्यासमोर, त्याच्यासाठी चालली, त्या दिवशीही नाही.

तो हैबतरावांकडे गेला. खुबा आणि भार यांतलं काही न बोलता त्याने सरळ विचारलं की मावशी डावा पाय पुढे कसा टाकायच्या? वर उचलून की बाहेरून वळवून?

हैबतराव म्हणाले, "तेच तर इसारलोय, बाबा." मग उठून त्यांनी अंगणात चालून पाहिलं. एकदा कंबर उचलली, एकदा पाय ओढला. दोन्ही सोंगंच वाटत होती, त्यांनाही वाटली. रस्त्याने जाणारा एक पोरगा थांबून बघायला लागला, तेव्हा त्यांनी त्याला काय रं, तमाशा हाय का, म्हणून हाकललं आणि ते मध्येच उभे राहिले.

"हितं न्हाई व्हायचं," ते म्हणाले. "चला."

ते खाचराकडे निघाले. भात कापून झालेलं होतं, खाचरांत धसकटं उरली होती, आणि पलीकडच्या इमारतीची सावली निम्म्या शेतावर आली होती. दोन खाचरांमधला बांध एकच माणूस चालू शकेल एवढा. हैबतरावांनी बांधाच्या तोंडाशी वहाणा काढल्या.

"हितनं ती म्होरं, मी मागं. डोईवर रोपांची पाटी आसली तरी ती म्होरंच. म्हनायची, मागनं ढकलू नका. मी कशाला ढकलतोय?"

ते बांधावर चढले. चार पावलं आपल्या नेहमीच्या चालीने गेले. मग त्यांचा डावा खांदा किंचित खाली झुकला. डावी टाच जमिनीला लागेनाशी झाली. चवड्यावर पाऊल टेकलं, न टेकलं, लगेच उजवं पडलं. आणि डावा पाय पुढे येताना बाहेरून, विळा फिरवावा तसा, गोल वळून आला. पुन्हा झुकणं, पुन्हा विळा. ते मागे न बघता तसेच चालत गेले. त्यांच्या डोक्याला जे आठवत नव्हतं ते त्यांचे पाय त्या बांधावर आपसूक करत होते. दयानंद त्यांच्या मागून चालत होता, जिथून ते आयुष्यभर तिच्या मागून चालले होते तिथून. या वेळी त्याने नजर हलवली नाही.

बांध संपला तिथे हैबतराव थांबले. वळले नाहीत.

"गावलं?" त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"गावलं, आबा," दयानंद म्हणाला.

वर्षश्राद्ध झालं. पै-पाहुणे जेवून गेले. वैष्णवीने आबांचे कपडे दोन पिशव्यांत भरून ठेवले, घराची किल्ली शेजारी द्यायची की दयानंदकडे ठेवायची याचा थोडा विचार केला आणि दयानंदकडे दिली. ती सकाळी गाडी घेऊन येणार होती. त्या संध्याकाळी, उन्हं अजून भिंतीवर होती तेव्हा, हैबतराव जिना चढून वर आले. या वेळी खोलीत आले, खुर्चीवर बसले.

दयानंदने आधीच सांगून ठेवलं. हे मावशींचं खरं चित्र नाही. उजवा पाय त्यांचा आहे, डाव्या पावलाचा भार त्यांचा आहे, पण डाव्या पायाचं वळण तुम्ही दाखवलं तसं मी बसवलंय. थोडंफार इकडेतिकडे असेल. अगदी त्याच आहेत असं मला सांगता येणार नाही. हैबतरावांनी मान हलवली. सुरू करा, अशी खूण केली.

काळ्या पडद्यावर ठिपके उभे राहिले आणि चालू लागले. खांदा झुकला, पाय विळ्यासारखा बाहेरून आला, चवडा टेकला, उजवं पाऊल घाईने पुढे पडलं. लांब, तुटक. लांब, तुटक. आकृती पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली, नाहीशी झाली आणि पुन्हा पहिल्या कडेला उगवली.

हैबतरावांचे हात गुडघ्यांवर होते. बोटं हळूहळू त्या पावलांबरोबर गुडघ्यावर टेकायला लागली, एक बोट जोरात, एक हलकं. दयानंद त्यांच्याकडे न पाहता भिंतीवरच्या उन्हाकडे पाहत राहिला. आकृती किती वेळा गेली आणि आली कोण जाणे. खाली रस्त्यावर पिरंगुटहून येणारी बस थांबली, माणसं उतरली, पोरं धाडधाड जिना चढून दारावरून पुढे गेली. ठिपके चालतच होते.

"आता बसू द्या तिला," हैबतराव म्हणाले. "दमली आसंल."

बसण्याची नोंद त्यात कुठेच नव्हती. चालणं संपलं की पुन्हा चालणंच सुरू व्हायचं. आणि मध्येच थांबवलं तर एक पाय हवेत राहिला असता. दयानंदने बटणावर बोट ठेवलं आणि वाट पाहिली. उजवं पाऊल पडलं. डावा पाय बाहेरून वळण घेऊन आला, चवडा टेकला. उजवं अजून उचललेलं नव्हतं. दोन्ही पाय जमिनीला लागलेले होते, त्या क्षणी त्याने थांबवलं.

ती तशीच उभी राहिली, खांदा जरासा डावीकडे झुकवून.

हैबतराव थोड्या वेळाने उठले. दारापाशी त्यांनी दयानंदच्या दंडाला हात लावला. महाळुंगं काय लांब नाही, येत जा, म्हणाले. दयानंद येतो म्हणाला. दोघांनाही त्यातलं किती होईल ते माहीत होतं. मग ते जिना उतरू लागले. दयानंद दारात उभा राहून ऐकत होता. पावलं एकसारखी पडत होती, एकामागून एक, दोन्ही सारखीच, अंगणापर्यंत.